ब्रेक थोडा लागतो

मित्रांनो, स्टेअरिंग म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बस येते, ट्रक येतो, निदान एखादी जीप तरी येते. माझ्यापुढे मात्र टीव्ही असतो. माझ्याखाली ना चाक, ना इंजिन, ना डिझेलचा थेंब. मी व्हिडिओ गेमचे स्टेअरिंग आहे, आणि आता चांगले जुने झाले आहे. माझ्या डाव्या बाजूचे रबर घासून गुळगुळीत झाले आहे, कारण नाना त्याच बाजूला जास्त जोर देतात. पायाखालच्या माझ्या दोन पेडलांपैकी ब्रेकच्या पेडलाला तडा गेला आहे. हसायचे तिथे खुशाल हसा, मला राग येणार नाही. पण माझी हकिगत पुरती ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे काही आठवत नाही. बनवले, तपासले, खोक्यात घातले, की पुढे सगळा अंधार. डोळे उघडले ते धुळ्यातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. येणारी-जाणारी पोरे काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची आणि त्यांचे आईबाप त्यांना दंडाला धरून ओढून न्यायचे. मला वाटायचे, आपला जन्म असाच काचेत जाणार. शेवटी एके दिवशी भूपेंद्रने मला उचलले. त्याने एक जुने गेम मशीनही घेतले आणि आम्हा दोघांना स्कूटरवर बांधून धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या घरी नेले. त्याने मला स्वतःसाठी घेतले नव्हते. वडिलांसाठी घेतले होते.

त्याचे वडील म्हणजे रूपचंद नाना. सारी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली, बहुतेक धुळे-जळगाव मार्गावर. विना-अपघात सेवेचा त्यांचा बिल्ला भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला आहे. निवृत्त झाले आणि त्यांना घर खायला उठले. सकाळी उठून उगीच बसस्टँडवर जाऊन उभे राहायचे. गाडी मागे घेणाऱ्या नव्या पोरांना "घे, घे, अजून घे" म्हणायचे. ती पोरे सुरुवातीला आदराने ऐकायची, मग ऐकेनाशी झाली. हे भूपेंद्रने पाहिले आणि मला आणले.

नानांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या शेजारी अभिमन आबा बसले होते. आबा म्हणजे नानांच्या गाडीवरचे कंडक्टर. दोघे एकाच सुमारास निवृत्त झाले, पण आबांनी नानांची पाठ सोडली नाही. नाना घरात सुनेशी शुद्ध मराठी बोलतात, सून जळगाव शहरातली आहे ना! पण आबा आले की दोघांची अहिराणी सुरू होते.

"हाई काय शे रे?" नानांनी मला उलटेपालटे करून पाहिले. "याले चाकं कोठे शेतस?"

"चाकं टीव्हीमा शेतस," आबा म्हणाले, आणि दोघे खो खो हसले.

मला फार अपमान वाटला. पण भूपेंद्रने मला नानांच्या पत्नी प्रमिला अक्का यांच्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्क्रूने घट्ट आवळले, कारण घरात तेवढेच एक टेबल योग्य उंचीचे होते. माझे पेडल शिलाई मशीनच्या पायट्याशेजारी ठेवले. अक्का म्हणाल्या, "म्हणजे आता माझे ब्लाउज शिवायचे वांधे." नानांनी ते ऐकलेच नाही. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात माझ्यावर ठेवले, आणि माझ्या लक्षात आले की असे हात मला यापूर्वी कधी लागले नव्हते. पोरे मला दुकानात गरगरा फिरवायची. नानांनी मला फिरवले नाही, धरले. आधी माझ्या पाया पडले, मग धरले!

गेम बस चालवायचा होता. डोंगरातला कुठला तरी परदेशी रस्ता, उजवीकडून चालायचा. नाना काही केल्या उजवीकडून चालवेनात. "कायदा म्हणजे कायदा," म्हणून ते डावीकडून निघाले आणि समोरून येणाऱ्या सगळ्या मोटारी ठणाणा हॉर्न वाजवत अंगावर आल्या. आबा डोळे झाकून ओरडले. शेवटी भूपेंद्रने शोधून डावीकडून गाड्या चालणारा एक देश लावून दिला, तेव्हा कुठे वाहतूक सुरळीत झाली.

मग माझे चांगले दिवस आले. रोज सकाळची न्याहारी झाली की नाना खुर्चीत आणि आबा शेजारच्या दिवाणावर. आबा स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे, ती डबल बेल. गाडी निघाली. गेममधल्या थांब्यांची नावे कोणाला वाचता येत नव्हती, आणि वाचायची गरजही नव्हती. पहिला थांबा आला की आबा म्हणायचे, "मुकटी, मुकटीवाले उतरा." पुढचा पारोळा. त्याच्या पुढचा एरंडोल. अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पाळधीला मला उतरवा रे बाबांनो, भाजी घ्यायची आहे."

नाना गाडी कशी चालवत म्हणून सांगू! थांब्यावर बस उभी करताना ती कधी ठेचकाळली नाही. ते माझ्या ब्रेकवर पाय ठेवत आणि मी लगेच मशीनला सांगे. मशीन माझ्या शेजारीच, फळीवर. डिस्क त्याच्या पोटात. माझा निरोप हातभर तारेतून गेला की बस थांबली. नानांचा पाय, मी आणि मशीन, आमच्या तिघांच्या मध्ये दुसरे कोणीच नव्हते. दसऱ्याला नानांनी जीपला हार घातला, तसा मलाही घातला. झेंडूच्या पाकळ्या माझ्या फटीत अडकून बसल्या आणि नंतर मला खाज सुटल्यासारखी व्हायची. पण कौतुक कोणाला नको असते?

जीपचे सांगायचे राहिले. ती घरची जुनी जीप, अंगणात शेडखाली उभी असते. तिला स्टार्ट करायचे तर नानांनीच करायचे. भूपेंद्रला स्कूटर सोडून काही चालवता येत नाही. एवढ्या ड्रायव्हरचा मुलगा, पण नानांनी त्याला जीपला हात लावू दिला नाही. "तू शिक, मोठा हो, ऑफिसात बस," म्हणाले. तो खरेच ऑफिसात बसला.

आता पुढचे ऐका. उन्हाळा आला. खान्देशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, भिंतीसुद्धा तापतात. जुने मशीन तापून गुरगुरायला लागले. भूपेंद्रने एक लहानशी डबी आणली, खोडरबराएवढी, आणि टीव्हीच्या पाठीत खुपसली.

"नाना, आता मशीन नको, डिस्क नको," तो म्हणाला. "आता सगळा गेम इंटरनेटवरून येतो. महिन्याचा प्लॅन घेतला की वाटेल तेवढे गेम."

"मग गाडी उभी कुठे असते?" नानांनी विचारले.

"लांब कुठल्या तरी शहरात. तिथल्या मोठ्या मशीनमध्ये. आपल्याकडे फक्त चित्र येतं."

नानांना ते पटले नाही, पण मुलाने हौसेने आणले म्हणून गप्प बसले. माझ्या सोबत्याला, त्या जुन्या मशीनला, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. माझी तार त्या डबीला जोडली. आणि दाराबाहेर पडता पडता, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात डबा, असा भूपेंद्र म्हणाला, "आणि हो नाना, ब्रेकला थोडा लॅग असतो."

मित्रांनो, सगळा घोटाळा या एका वाक्यात झाला. लॅग म्हणजे उशीर, एवढे मला ठाऊक होते. नानांना ठाऊक नव्हते. त्यांनी ऐकले, "ब्रेक थोडा लागतो." उभा जन्म ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला याचा अर्थ एकच कळणार. ब्रेक थोडा लागतो, म्हणजे पुरता लागत नाही, म्हणजे पाय जोरात दाबायचा. डेपोतून अशा गाड्या त्यांनी पुष्कळ नेल्या होत्या. ते म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना?" आणि भूपेंद्र स्कूटरला किक मारून निघून गेला.

आता माझी स्थिती काय झाली ते सांगते. पूर्वी नानांनी ब्रेक दाबला की हातभर अंतरावर काम होई. आता माझा निरोप डबीतून निघे, खिडकीतल्या वायरवरून खांबावर जाई, खांबाखांबावरून त्या लांबच्या शहरात पोचे, तिथे ती बस ब्रेक लावे, आणि त्याचे चित्र आल्या वाटेने परत आमच्या टीव्हीत येई. तुम्ही म्हणाल, हे सगळे तर पापणी लवते न लवते तोवर होते. होते ना! पण पापणी लवेपर्यंत बस किती पुढे जाते, हे ड्रायव्हरला विचारा.

त्यात ढग आले की चित्र चिखलासारखे व्हायचे. नानांची सून सुलक्षणा दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवर मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. तिची शिकवणी सुरू झाली की माझा निरोप आणखी रेंगाळायचा. कधी बस मधेच थिजून उभी राहायची आणि एकदम पुढे दिसायची, थेट खड्ड्यात. महिना संपत आला की नेट संपायचे आणि सुलक्षणा कपाळाला हात लावायची.

पहिल्या दिवशी नानांनी बस थांब्याच्या कठड्यावर घातली. आबांना वाटले चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी सिग्नल ओलांडला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. गेममधली म्हातारी, खोटी. नानांनी ब्रेक दाबला. मला कळले, त्यांनी अगदी वेळेवर दाबला होता. पण बस थांबली ती म्हातारीच्या पुढे जाऊन.

"ब्रेक मार ना रे!" आबा ओरडले.

"मारा ना भो! पन लागना नही!" मारला, पण लागलाच नाही, असे नाना म्हणत होते.

नाना तसेच बसून राहिले. टीव्हीवर "पुन्हा खेळा" अशा अर्थाचे काहीतरी आले. त्यांनी ते दाबले नाही. माझ्यावरच्या त्यांच्या हातांना घाम फुटला होता, एवढे मला आठवते.

त्यानंतर ते जोर लावून दाबायला लागले. इतका जोर, की एके दिवशी माझ्या ब्रेकच्या पेडलाला कडकन तडा गेला. मला दुखले, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते नानांचे. मी ओरडून सांगत होते, नाना, तुमचा पाय ठीक आहे, वाट लांबची आहे! पण मी कसले बोलणार? माझ्याकडे सांगायला एकच तार, आणि तीही त्या लांबच्या शहरात गेलेली.

शेवटी आबा म्हणाले, "ऊठ, माले बसू दे." ते बसले. त्यांचीही बस कठड्यावर. तुम्हाला वाटेल, आता तरी या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडेल. कसचे काय! आबांनी माझ्यावरून हात काढले, नानांकडे बघितले आणि म्हणाले, "माले बी तसंच व्हई ऱ्हायनं. आपण दोन्ही डोकरा व्हई गऊत, भो."

डोकरा म्हणजे म्हातारा. आबांनी ते हसत हसत म्हटले. त्यांचे काही बिघडत नव्हते, कंडक्टरला ब्रेक लावावा लागत नाही. पण नानांना तो शब्द लागला. मी पाहिले, ते भिंतीवरच्या बिल्ल्याकडे बघत होते.

तरी जातिवंत ड्रायव्हर तो. हार मानेना. त्यांनी युक्ती केली, ब्रेक आधीच दाबायला सुरुवात केली. थांबा दिसायच्या आधी दाबायचा, वळण यायच्या आधी वळवायचे. आठवड्याभरात बस पुन्हा सरळ चालायला लागली. आबा खूश. मी मात्र हबकले, कारण चांगल्या हातांना वाईट सवय लागत होती.

आणि झालेही तसेच. श्रावण लागला होता, आणि कानबाई तोंडावर आली होती. आमच्या घरी हा केवढा सण! गावी, धरणगावजवळ, सगळे भाऊबंद जमतात. नथ घातलेले नारळ म्हणजे कानबाई, तिची स्थापना होते, आणि घरातल्या माणशी मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्या दिवशी घरात दुसरे काही शिजत नाही. तर रोटाचे गहू दळून आणायला नाना जीप घेऊन गिरणीवर गेले. परतताना चौकाजवळ त्यांनी सवयीने ब्रेक आधीच दाबला. खरा ब्रेक तो, लगेच लागला. जीप जागच्या जागी उभी. मागून केळीचा टेम्पो येत होता, तो बोटभर अंतरावर येऊन थांबला. टेम्पोवाल्याने खाली उतरून सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे विचारले, "ओ बाबा, गाडी चालवता येत नसेल तर घरी बसा ना!"

हे मला नंतर आबांकडून कळले, ते जीपमध्ये मागे पिठाच्या डब्याशेजारी बसून होते. मी एवढेच पाहिले की नाना घरात आले, जीपची किल्ली खिळ्याला अडकवली आणि अक्कांना म्हणाले, "मी आता गाडी चालवणार नाही. झालं माझं."

अक्कांनी पिठाचा डबा खाली ठेवला. "अहो, परवा कानबाई आहे."

"म्हणूनच. पोराबाळांनी भरलेली गाडी घेऊन जायची. नको."

आता यात अडचण काय होती ते समजून घ्या. नानांच्या थोरल्या वहिनी, बेबाबाई, एरंडोलला राहतात. घरातल्या थोरल्या सून त्या, कानबाईची स्थापना त्यांच्या हातून व्हायची. गुडघे पार गेलेले, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. दर वर्षी नाना धुळ्याहून सगळ्यांना जीपमध्ये घालून निघतात, एरंडोलला वहिनींना उचलून पुढच्या सीटवर बसवतात आणि गावी नेतात. नाना गेले नाहीत तर वहिनी जाणार नाहीत. वहिनी गेल्या नाहीत तर कानबाई बसणार नाही.

गावाहून पुतण्या झुलालचा फोन आला. त्याचा आवाज फोनबाहेर येतो, मला सगळे ऐकू आले. तो म्हणाला, "नाना, काळजी करू नका. भाड्याचा ड्रायव्हर सांगतो. जीप तुमची, तो फक्त चालवेल."

"आणि तो जेवेल काय?" नाना म्हणाले. "घरात फक्त रोट. ते त्याला देता येत नाहीत. आपण सगळे आत बसून जेवायचं आणि ज्याने आणलं तो माणूस ओट्यावर उपाशी?"

"त्याला गावात कुठेतरी वडापाव..."

"मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना सणाला घरी पोचवलं रे," नाना म्हणाले आणि उठून गेले. फोन अक्कांनी घेतला. त्या दिवशी नाना जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, आबा नानांची समजूत घालायला आले. नाना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेले. उठेचनात. त्यांना डिवचायला म्हणून आबांनी मुद्दाम गेम लावला, बस रस्त्यावर सोडली आणि मोठ्याने "पारोळा, पारोळा" ओरडले. काही उपयोग झाला नाही. मग बस तशीच सावकाश सरकती ठेवून चहाला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात सुलक्षणा आली. अक्कांना कानबाईसाठी कापडाचा पडदा शिवायचा होता आणि मला टेबलावरून काढायचे होते.

सुलक्षणाने मला दोन्ही हातांनी धरले आणि सैल करायला एक हिसका दिला. मग हात काढून खालच्या स्क्रूला घातले. बाहेर ढग दाटले होते, माझा निरोप नेहमीपेक्षा जास्तच रेंगाळत होता. आणि तिने वर पाहिले तर टीव्हीतली बस आत्ता वळत होती.

ती थबकली. स्वतःच्या हातांकडे पाहिले. हात स्क्रूवर होते. तिने मला पुन्हा वळवले आणि चटकन दोन्ही हात हवेत धरले. हात हवेत, आणि बस आपली सावकाश वळते आहे! तिने पायाने ब्रेकचे पेडल दाबून सोडून दिले. पाय उचलल्यावर बस थांबली.

"अक्का!" ती किंचाळली. "आबा! इकडे या, लवकर या!"

मित्रांनो, मला त्या क्षणी रडू आले असते तर मी रडले असते. कोणीतरी एकदाचे पाहिले!

पण नानांना ते पटवणे सोपे नव्हते. ते दारात येऊन उभे राहिले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुलक्षणा, तू चांगली पोर आहेस. पण माझं मन राखायला असं काही सांगू नकोस."

"मन राखत नाही, नाना!" ती खरोखर चिडली. "मी हात काढल्यावर बस वळली. मी काय म्हातारी झाले?"

भूपेंद्र शनिवार म्हणून लवकर घरी आला होता. दारात चप्पल काढता काढता तो म्हणाला, "हे काय, मी सांगितलं होतं ना पहिल्याच दिवशी? थोडा लॅग असतो म्हणून."

"हो, सांगितलं होतंस," नाना म्हणाले. "ब्रेक थोडा लागतो. म्हणून तर मी जोरात दाबत होतो."

"लागतो नाही, नाना. लॅग. लॅग असतो! म्हणजे उशीर. तुम्ही इथे दाबता, तिकडे ते उशिरा पोचतं."

आबांच्या हातातला चहा तसाच राहिला. नाना भूपेंद्रकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा आवाज असा चढला की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"खराब गाडी ड्रायव्हरच्या हातात देताना त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं असतं! हेल्मेट घालता घालता नाही! त्याला कळलं का ते विचारायचं असतं. मी एवढे दिवस स्वतःला शिव्या देत होतो रे. जेवण गोड लागलं नाही. मला वाटलं, माझा पाय गेला."

भूपेंद्रचा चेहरा उतरला. "मला वाटलं तुम्हाला कळलं असेल," तो म्हणाला. "चुकलो मी, नाना." एवढे बोलून तो उगीच उभा राहिला नाही. स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि गोणपाटातले जुने मशीन खाली काढले. धूळ इतकी की अक्कांना शिंका आल्या. त्याने माझी तार त्या डबीतून उपटली आणि मशीनला जोडली. डिस्क आतच होती. मशीन गुरगुरले. तो गुरगुराट ऐकून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

"बसा," सुलक्षणा म्हणाली.

नाना बसेनात. अक्कांनी पडद्याचे कापड काखेत मारले आणि त्यांना म्हणाल्या, "बसा हो. पडदा मी हाताने शिवीन."

ते बसले. माझ्यावर हात ठेवले. हात थंड होते. आबांनी पेल्यावर चमचा दोनदा वाजवला, पण या वेळी हसले नाहीत. बस निघाली. नाना हळू चालवत होते, भीत भीत. पहिल्या थांब्याशी त्यांनी सवयीने आधीच ब्रेक दाबला आणि बस थांब्याच्या अलीकडेच उभी राहिली. ते बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा निघाले. दुसऱ्या थांब्याला त्यांनी वाट पाहिली. डोळ्यांना वाटले तेव्हा, पायाला वाटले तेव्हा दाबला. बस फलाटाला लागून, कोणाच्या हातातला चहा हिंदकळणार नाही अशी थांबली.

पुढे रस्त्यात अचानक एक कुत्रे आडवे आले. आबा "थांब रे!" म्हणेपर्यंत बस थांबलेली होती. कुत्रे पलीकडे निघून गेले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाना आणखी बराच वेळ चालवत राहिले. वळणे घेतली, घाट उतरले, बस मागे घेतली. मग त्यांनी मशीन बंद करायला सांगितले, डोळे पुसले आणि भूपेंद्रला म्हणाले, "चल, जीपमध्ये बस. चौकातून एक फेरी मारून येऊ. कुठे लवकर दाबला तर सांग मला. तोंडावर सांग."

ते दोघे गेले. मी टेबलावरच होते, त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकले. जीप स्टार्ट झाल्याचे, फाटकातून गेल्याचे, बऱ्याच वेळाने परत आल्याचे. फाटकापाशी ती थांबली ती इतकी गुपचूप की अक्कांना आत कळलेसुद्धा नाही. नाना आत आले ते थेट फोनपाशी गेले आणि त्यांनी झुलालला फोन लावला.

"झुलाल, भाडाना ड्रायव्हर नको सांगू," ते म्हणाले. "ड्रायव्हर घरमाच शे."

रविवारी पहाटे बठ्ठे म्हणजे सगळे घर जीपमध्ये बसले. अक्कांच्या मांडीवर नथ घातलेले नारळ होते, मागे आबा. ते भाऊबंद नाहीत, म्हणून एरंडोलला बहिणीकडे उतरणार होते. पण तिथवर कंडक्टरशिवाय गाडी कशी सुटेल? पुढची सीट बेबाबाईंसाठी मोकळी ठेवली होती. मी खिडकीतून ऐकत होते, आणि आज त्या खऱ्या स्टेअरिंगचा मला जरासुद्धा हेवा वाटला नाही.

ती डबी आता कपाटात पडून असते. कानबाईनंतर एकदा भूपेंद्रने लावून पाहिली, तर तो बसचा गेम यादीतून नाहीसाच झाला होता. कंपनीने काढून टाकला म्हणे. ज्यांनी त्यात गाड्या चालवल्या त्यांना कोणी विचारलेही नाही. आमची डिस्क मात्र मशीनच्या पोटात आहे, आणि ती कोणी काढून नेऊ शकत नाही.

मित्रांनो, नव्या वस्तू घ्या, खुशाल घ्या. मी काही नव्याचा दुस्वास करणारे स्टेअरिंग नव्हे. फक्त घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती ती वस्तू देताना, तिच्यात काय खोट आहे ते त्यांच्यासमोर बसून सांगा आणि त्यांना नीट कळले का ते विचारा. नाहीतर वस्तू चुकते, आणि तो बिचारा माणूस आपलाच पाय गेला म्हणून भिंतीकडे तोंड करून निजतो.